लष्करातून राजकारणात गेलेला अधिकारी: जनरल खंडुरींची कारकीर्द कुणी नीट सांगेल का?

घाटमाथा

माझा भाचा लष्करात वीस वर्षं काढून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि गेल्या दिवाळीपासून गावी, कोरेगाव तालुक्यात, राहायला आलाय. आल्या आल्या पाणंद रस्त्याचं जुनं भांडण दोन्ही बाजूंना बांधावर उभं करून मिटवलं. शाळेतल्या पोरांना पहाटे मैदानावर धावायला लावलं. आता जो तो म्हणतो, कर्नलसाहेब, उभे राहा. दोन पक्षांची माणसं घरी चहा घेऊन गेली.

माझी बहीण म्हणते, इतकी वर्षं सीमेवरून येणाऱ्या फोनची वाट बघितली, आता निवडणुकीच्या निकालाची बघायची नाही. भाऊजी गप्प. भाचा मात्र मला म्हणाला, "मामा, जनरल खंडुरी बघा. इंजिनिअर्सचा अधिकारी होता, अख्ख्या देशाचे रस्ते केले, मुख्यमंत्री झाला. मग आपण झेडपीला उभं राहायला काय हरकत?"

मला खंडुरींबद्दल माहिती तेवढीच: वाजपेयींच्या काळातले रस्तेमंत्री, नंतर उत्तराखंडचे मुख्यमंत्री. ते राजकारणात शिरले कसे, फौजेतलं काय उपयोगी पडलं आणि काय आडवं आलं, हे कुणी सांगू शकेल का? व्हॉट्सॲपवर फिरणारे कौतुकाचे मजकूर कृपया चिकटवू नका, ते माझ्याकडे भरपूर आहेत. मला भाच्यासमोर बसून बोलायचंय, त्यासाठी खरी माहिती हवीय.

सॅपर_खडकी

घाटमाथा, जय हिंद. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला, खडकीचा. सर्व्हेअर म्हणून भरती झालो, सुभेदार होऊन पेन्शनीवर आलो. त्यानंतर पुणे-सातारा रस्ता चौपदरी होत होता तेव्हा सल्लागार कंपनीतर्फे साइटवर होतो. जनरलसाहेबांशी माझी ओळख नाही. पण त्यांच्या खात्याचं काम आमच्या हातून गेलं, म्हणून जमेल तेवढं लिहितो. लांबेल, पण भाच्यासाठी आहे तर सगळं लिहितो.

भुवनचंद्र खंडुरी, जन्म १ ऑक्टोबर १९३४, डेहराडून. शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात, आणि फौजेत आल्यावर आपल्या दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. १९५४ ला कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये आले, १९९० ला मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं. १९७१ च्या लढाईत रेजिमेंटची कमान त्यांच्याकडे होती. चीफ इंजिनिअर होते, अति विशिष्ट सेवा पदक मिळालं. आणि एक जागा अशी, जिच्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही: सेना मुख्यालयात ते अतिरिक्त सैन्य सचिव होते. ही शाखा अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या बघते. कोण कुठे जाणार, कुणाचं नाव वर सरकणार, हे सगळं तिथे ठरतं. शिफारशीची चिठ्ठी म्हणजे काय असते आणि ती बाजूला कशी ठेवायची, हे तिथे बसलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर बदल्यांच्या बाबतीत ते एवढे कडक का होते, याचं मूळ मला तिथे दिसतं.

आता घराणं. हेमवतीनंदन बहुगुणा, १९७३ ते १९७५ उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री, हे त्यांचे मामा. तेव्हा 'फौजी माणूस, राजकारणाचा वारा नाही' हे चित्र अर्धंच खरं. घरात राजकारण होतं, गढवालमध्ये नाव माहीत होतं. तुमच्या भाच्याने हे आधी लक्षात घ्यावं. तुम्ही मामा आहात, पण बहुगुणा नाही! (राग मानू नका, मुद्दा महत्त्वाचा आहे.)

१९९१ ला भाजपने गढवालमधून लोकसभेचं तिकीट दिलं आणि ते निवडून आले. गढवाल म्हणजे लॅन्सडाउन, गढवाल रायफल्सचं केंद्र. आपल्याकडे आपशिंगे मिलिटरी जसं आहे तशी तिथे गावंच्या गावं. घरटी एक माणूस फौजेत, मनीऑर्डरवर चाललेला संसार. अशा मुलखात जनरल दारात आला की लोक उठून उभे राहणारच. पण उठून उभं राहणं वेगळं आणि मत देणं वेगळं. १९९६ ला त्याच लोकांनी त्यांना पाडलं, सतपाल महाराज निवडून आले. छत्तीस वर्षं ज्याच्या हुकमावर माणसं हलली, त्याला साठी ओलांडल्यावर आपल्याच मुलखाने नको म्हटलं. १९९८ ला ते पुन्हा त्याच लोकांकडे गेले आणि जिंकले. १९९९ आणि २००४ लाही जिंकले. माझ्या दृष्टीने त्यांच्या राजकारणातली खरी परीक्षा १९९१ नसून ही १९९६ ते १९९८ ची दोन वर्षं होती. भाच्याला विचारा, पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पारावर जाऊन बसशील का?

आता रस्ते. नोव्हेंबर २००० मध्ये ते रस्ते वाहतूक आणि महामार्ग खात्याचे स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री झाले, मे २००३ मध्ये कॅबिनेट मंत्री. सुवर्ण चतुष्कोन त्यांनी सुरू केला असं म्हणतात ते बरोबर नाही. घोषणा १९९८ ची, पायाभरणी जानेवारी १९९९ ची, कल्पना वाजपेयींच्या सरकारची. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा रस्ता. खंडुरी आले तेव्हा योजना कागदावरून जमिनीवर उतरायची होती, आणि आपल्याकडे योजना तिथेच मरतात.

पैशाची सोय आधीच लागलेली होती: पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने तो पैसा रस्त्यांसाठीच बांधला गेला. डिझेलच्या उपकरातला अर्धा हिस्सा गावरस्त्यांना. जमिनीसाठी राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९७ मध्येच दुरुस्ती झाली होती. कलम ३-ए ची अधिसूचना, मग हरकती, मग कलम ३-डी ची घोषणा निघाली की जमीन सरकारजमा. म्हणजे हत्यारं तयार होती. ती हातात घेऊन रोज हिशेब मागणारा माणूस हवा होता, तो मिळाला.

साइटवर आम्हाला काय फरक जाणवला ते सांगतो. डांबरी मिश्रणाचा टिपर प्लांटवरून आला की पेव्हरमध्ये, म्हणजे थर पसरवणाऱ्या यंत्रात, ओतायच्या आधी ताडपत्री बाजूला सारून आत थर्मामीटर खुपसायचा. तापमान ठरल्यापेक्षा खाली भरलं तर टिपर परत. दुसऱ्या दिवशी कोअर कापायचा: रस्त्यातून दंडगोल नमुना काढायचा, पट्टीने थराची जाडी मोजायची, वजन घ्यायचं, वहीत लिहायचं. हे नियम पुस्तकात पूर्वीपासून होते. पण पूर्वी टिपर परत पाठवला की संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी फोन यायचा, आणि तिसऱ्या टिपरनंतर थर्मामीटर खिशातच राहायचा. या कामावर करारच असा होता की मोजमाप मान्य करायचं की नाही हा अधिकार देखरेख करणाऱ्या इंजिनिअरकडे. महिन्याची प्रगती वरपर्यंत जायची, आणि वर कुणीतरी ती वाचतंय हे खालपर्यंत कळायचं. 'अमुक साखळीपासून तमुक साखळीपर्यंत का थांबलंय' असा प्रश्न यायचा. (साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर.) साखळी क्रमांक धरून प्रश्न विचारणारं खातं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. फौजेत आम्हाला हेच शिकवलेलं असतं. पूल कुठवर आला असं साहेबांनी विचारलं की 'काम चालू आहे' हे उत्तर नाही. किती बे (पुलाचे जोडभाग) झाले, किती राहिले आणि कधी होतील, हे उत्तर.

सगळं वेळेत झालं असं मात्र कुणी सांगू नये. झाडं, देवळं, कोर्टकचेऱ्या, ठेकेदार पळून जाणं, सगळं झालं. चतुष्कोन पुरा झाल्याचं अधिकृतपणे जाहीर व्हायला २०१२ उजाडलं. पण आज तुम्ही साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यातून जाता आणि पुढे येण्या-जाण्याचे वेगळे रुंद पदर मिळतात, त्या कामातला मोठा भाग त्या तीन-साडेतीन वर्षांच्या रेट्यात उभा राहिला.

मुख्यमंत्रिपदाबद्दल मला पेपरात वाचलं तेवढंच माहीत आहे. तिकडचं कुणी असेल तर लिहा.

दस्तऐवज

सॅपर, उत्तम माहिती. पण एक नाव राहिलं, आणि ते राहून चालणार नाही. सत्येंद्र दुबे.

आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, महामार्ग प्राधिकरणात, याच सुवर्ण चतुष्कोनाच्या झारखंड-बिहार टप्प्यावर. ठेक्यांमधल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट पंतप्रधान कार्यालयातून रस्ते खात्याकडे आणि तिथून प्राधिकरणाकडे फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घातली गेली. तेव्हा खात्याचे कॅबिनेट मंत्री खंडुरी होते. २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी धरलं, आणि सीबीआयचा निष्कर्ष लुटीतून झालेला खून असा होता. तो मान्य केला तरी पत्र नावासकट का फिरलं हा प्रश्न तसाच उरतो.

त्या मृत्यूनंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे, एप्रिल २००४ मध्ये सरकारने तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचा ठराव केला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे ते काम दिलं. संसदेचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं.

घाटमाथा, तुमचा भाचा झेडपीत गेला तर त्याच्याकडे अशी पत्रं येतील. कुणी ग्रामसेवक, कुणी शाखा अभियंता भीतभीत काही लिहून देईल. त्या कागदाचं काय करायचं हे त्याने आधी ठरवून ठेवलेलं बरं.

डेहराडूनवासी

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर डेहराडूनला आले. यांची नोकरी ओएनजीसीत. खंडुरींच्या दोन्ही कारकिर्दी इथे राहून पाहिल्यात, म्हणून लिहिते.

२००७ मध्ये सत्तर जागांच्या विधानसभेत भाजप सर्वांत मोठा पक्ष झाला, पण बहुमताला थोडा कमी पडला. उत्तराखंड क्रांती दल आणि अपक्षांना घेऊन सरकार बनलं. मुख्यमंत्रिपदावर दावा भगतसिंह कोश्यारींचाही होता. हो, तेच, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आमदारांमध्ये कोश्यारींचं वजन होतं. दिल्लीने खंडुरींना पाठवलं. पहिल्या दिवसापासून घरात दोन चुली.

खंडुरी तेव्हा खासदार होते, आमदार व्हायला जागा हवी होती. मग काय घडलं बघा. धुमाकोटचे काँग्रेसचे आमदार तेजपालसिंह रावत यांनी राजीनामा दिला आणि भाजपत आले. हे रावत कोण? निवृत्त लेफ्टनंट जनरल! म्हणजे लेफ्टनंट जनरलने मेजर जनरलसाठी जागा सोडली. खंडुरी धुमाकोटहून आमदार झाले आणि त्यांची रिकामी झालेली लोकसभेची जागा २००८ च्या पोटनिवडणुकीत रावत यांनी जिंकली. इथल्या राजकारणात फौज किती खोलवर आहे ते यावरून कळेल.

मुख्यमंत्री म्हणून त्यांची ख्याती एकाच शब्दात सांगायची तर 'सख्त'. वेळेवर येणारे, फाईल वाचणारे. सचिवालयात कामानिमित्त जावं लागायचं तेव्हा शिपायांच्या बोलण्यातसुद्धा जाणवायचं की साहेब आत आहेत. डोंगरी राज्यात शिक्षक, डॉक्टर, तलाठी, सगळ्यांना डेहराडून, हल्द्वानी किंवा हरिद्वार हवं असतं. वर पिथौरागढ-चमोलीला कुणी जायला तयार नाही. त्यामुळे बदली हे इथलं सगळ्यात मोठं चलन. आमदाराची किंमत त्याने किती बदल्या करून दिल्या यावर ठरते. त्यालाच खंडुरींनी हात घातला. सामान्य माणूस खूश झाला, आमदार नाराज. मुख्यमंत्री आमचं ऐकत नाहीत, अधिकाऱ्यांचं ऐकतात, अशी तक्रार त्यांच्याच पक्षातून दिल्लीला जात राहिली. ही तक्रार अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमदार म्हणजे कनिष्ठ अधिकारी नव्हे. तो स्वतः निवडून आलेला असतो, आणि आपल्याला भेटीसाठी ताटकळत ठेवलं हे तो विसरत नाही.

२००९ च्या लोकसभेत भाजपने उत्तराखंडातल्या पाचही जागा गमावल्या. खंडुरींनी राजीनामा दिला, रमेश पोखरियाल निशंक आले. पुढे दोन वर्षांत सरकारची अब्रू इतकी गेली की निवडणूक तोंडावर असताना सप्टेंबर २०११ मध्ये पक्षाने पुन्हा खंडुरींनाच बोलावलं. 'खंडुरी है जरूरी' ही घोषणा तेव्हाची, भिंतीभिंतीवर होती.

त्या सहा महिन्यांत त्यांनी जे केलं ते मला पहिल्या कारकिर्दीपेक्षा मोठं वाटतं. सेवा हक्क कायदा, बदल्यांचा कायदा आणि १ नोव्हेंबर २०११ ला विधानसभेत लोकायुक्त विधेयक, ज्याच्या कक्षेत खुद्द मुख्यमंत्रीही होते. अण्णा हजारेंचं आंदोलन तेव्हा भरात होतं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विधेयकाचं जाहीर कौतुक केलं. सत्तेवर बसलेल्या माणसाने आपल्याच मानेवर कायदा ठेवायचा, हे मी दुसऱ्या कुठल्या राज्यात घडताना त्या काळी पाहिलं नाही.

आणि मग २०१२. धुमाकोट मतदारसंघ पुनर्रचनेत उरलाच नव्हता, म्हणून ते कोटद्वारला उभे राहिले. निकाल: काँग्रेस ३२, भाजप ३१, आणि खंडुरी स्वतः कोटद्वारला काँग्रेसच्या सुरेंद्रसिंह नेगींकडून पराभूत. एका जागेने सरकार गेलं आणि ती एक जागा मुख्यमंत्र्यांची! आपल्याच लोकांनी पाडलं, असं कोटद्वारच्या बाजारात आजही बोलतात. सिद्ध कोण करणार? नंतर मुख्यमंत्री झाले विजय बहुगुणा, हेमवतीनंदनांचे चिरंजीव, म्हणजे खंडुरींचे मामेभाऊ. नव्या सरकारने तो लोकायुक्त कायदा तसा अमलात आणला नाही. २०१४ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा आणला.

तुमच्या बहिणीसाठी एक सांगते. राजकारण एकदा घरात आलं की ते एका माणसापुरतं राहत नाही. २०१९ मध्ये खंडुरींचे चिरंजीव काँग्रेसतर्फे पौडी गढवालमधून लढले आणि पडले. समोर होते तीरथसिंह रावत, जे खंडुरींच्या तालमीत तयार झालेले मानले जातात. खंडुरींची कन्या ऋतू खंडुरी भाजपतर्फे २०२२ मध्ये त्याच कोटद्वारहून, त्याच नेगींना हरवून निवडून आल्या आणि उत्तराखंड विधानसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तेव्हा एका घरात दोन पक्ष होते, आणि वडिलांचं नाव दोन्हीकडे. पुढे २०२४ मध्ये चिरंजीवही भाजपत गेले.

सॅपर_खडकी

ताई, फार चांगलं लिहिलंत. रावतसाहेबांचा किस्सा मला माहीत नव्हता.

दस्तऐवज, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि त्यात आडपडदा ठेवायचं कारण नाही. फौजेत युनिटच्या हद्दीत जे घडतं ते सीओच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, खात्यावर लागतं. सीओ रजेवर असला तरी. पत्र पंतप्रधान कार्यालयातून आलं, खात्यातून पुढे गेलं. मधल्या कारकुनाने नाव झाकलं नाही म्हणून वरचा मोकळा सुटत नाही. सत्येंद्र दुबे हा आमच्यासारखाच साइटवरचा माणूस. त्याची बातमी आली त्या आठवड्यात आमच्या साइट ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टिपर परत पाठवणारे आम्हीही होतो. खंडुरींच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर हे नाव त्यात लिहावंच लागेल, आणि ते पुसलं जाणार नाही.

पण शेवटचा टप्पा अजून कुणी लिहिला नाही, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

२०१४ ला ते गढवालहून पुन्हा खासदार झाले, वय ऐंशीच्या घरात. मंत्रिपद मिळालं नाही, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचं अध्यक्षपद मिळालं. या समितीपुढे तिन्ही दलांचे अधिकारी येऊन साक्ष देतात आणि समिती अहवाल संसदेत मांडते. मार्च २०१८ मधला अहवाल मिळाला तर भाच्याला वाचायला द्या. सेनेचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल सरथ चंद यांनी समितीला सांगितलं होतं की सेनेची ६८ टक्के सामग्री जुनाट झालीय, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. असायला हवं साधारण एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने आमच्या आशा मावळल्या, असंही ते म्हणाले. सरकार खंडुरींच्याच पक्षाचं होतं. तरी समितीने हे सगळं जसंच्या तसं छापलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये समित्या नव्याने बनल्या तेव्हा अध्यक्षपदावर कलराज मिश्र आले. समित्या दरवर्षी नव्याने बनतात हे खरं, नियमाबाहेर काही झालं नाही. पण पक्षाची सत्ता तीच, मुदत संपायला थोडेच महिने राहिलेले, आणि मग हा माणूस का बदलला, हा प्रश्न मला तेव्हा पडला. त्यांनी त्यावर गाजावाजा केला नाही.

मी हे वाचलं तेव्हा मला रस्त्यापेक्षा जास्त अभिमान वाटला. रस्ता करायला सरकार पाठीशी होतं, पैसा होता, फोटो निघत होते. इथे पाठीशी कुणी नव्हतं आणि मिळणार काहीच नव्हतं. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने जवानाच्या हातात काय आहे आणि काय नाही ते लिहून संसदेत ठेवलं. आमच्या पेन्शनरांच्या बैठकीत मी त्या दिवशी तो आकडा वाचून दाखवला होता. साहेब म्हणून ज्यांना आम्ही सलाम करतो त्यांनी खासदार झाल्यावर नेमकं हेच करावं अशी आमची अपेक्षा असते, आणि बहुतेक जण तेवढंच करत नाहीत.

देवगडकर

चर्चा वाचतोय. आपल्याकडचं उदाहरण राहायला नको म्हणून लिहितो. ज्या १९९१ च्या निवडणुकीत खंडुरी गढवालमधून आले, त्याच निवडणुकीत आमच्या राजापूर मतदारसंघातून लष्करातून आलेले सुधीर सावंत काँग्रेसतर्फे निवडून आले, तेही प्रा. मधु दंडवतेंना हरवून! दंडवते म्हणजे कोकण रेल्वेसाठी झटलेला नेता, आमच्याकडे देवाच्या जागी. १९९६ ला मात्र राजापूरची जागा सुरेश प्रभूंकडे गेली. दोघेही त्याच वर्षी संसदेबाहेर. फरक एवढाच की खंडुरी दोन वर्षांत परत लोकसभेत गेले.

आणि आणखी मागे गेलात तर जनरल करिअप्पा १९७१ ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले होते. देशाचे पहिले भारतीय सरसेनापती. हरले. तेव्हा नुसत्या हुद्द्यावर मत मिळतं या भ्रमात भाच्याने राहू नये.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याला आणि बहिणीला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. बहिणीने डेहराडूनच्या ताईंचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. भाचा सत्येंद्र दुबेंबद्दल ऐकताना उठून बाहेर गेला, परत आला आणि म्हणाला, मामा, तो समितीचा अहवाल कुठे मिळेल? एवढ्यात कुठल्याही पक्षाला होकार द्यायचा नाही, एक वर्ष तालुक्यातल्या रस्त्यांच्या आणि पाणी योजनांच्या फायली माहिती अधिकारात मागवून वाचायच्या, एवढं ठरलंय. बहिणीची त्याला हरकत नाही.

दोन व्यावहारिक शंका. एक, पेन्शन घेत असताना निवडणूक लढवता येते का? दोन, त्याचे मित्र वर्दीतला फोटो घालून फ्लेक्स छापायला निघालेत. चालतं का?

दस्तऐवज

पेन्शनची अडचण नाही. सेवेत असताना राजकीय पक्षाशी संबंध ठेवायला आर्मी रूल २० ने बंदी आहे. निवृत्तीनंतर ती राहत नाही. मात्र मतदार यादी तपासा. नोकरीत असताना तो सैनिक मतदार म्हणून नोंदलेला असेल. आता साधा फॉर्म ६ भरून गावच्या यादीत नाव आणायला हवं, कारण झेडपीला उभं राहायचं तर त्या जिल्हा परिषदेच्या मतदार यादीत नाव लागतंच. लोकसभेला कुठूनही उभं राहता येतं, इथे नाही.

फ्लेक्स छापू देऊ नका. संरक्षण दलातल्या व्यक्तींचे फोटो किंवा लष्करी कार्यक्रमांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना कळवलं आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. झेडपीची निवडणूक राज्य आयोग घेतो, पण वाद कशाला ओढवून घ्यायचा? सदरा घालून फोटो काढा.

सॅपर_खडकी

अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर स्थायी समित्यांच्या पानावर आहे, संरक्षण समिती, मार्च २०१८. लष्कराच्या मागण्यांवरचा भाग आधी वाचायला सांगा. आणि रस्त्याच्या फायली मागवाल तेव्हा मोजमाप पुस्तिका आणि कोअरचे चाचणी अहवाल दोन्ही मागवा. नुसतं अंदाजपत्रक घेऊन काही कळत नाही. आकडे जुळतात का ते बघायला मी कोरेगावला येईन. नंबर तुम्हाला वैयक्तिक निरोपात पाठवलाय.